दाताचे गवंडी

गाढी नदीवरचा पूल ओलांडला की जुनं पनवेल मागे पडतं आणि सिडकोचं करंजाडे सुरू होतं. इथे कुठेही उभं राहा, एखादी इमारत अर्धवट दिसतेच. सेंट्रिंगच्या फळ्या, वर आलेल्या सळया, खाली वाळूचा ढीग. शेजारच्या इमारतीत माणसं राहायला येऊन काही वर्षं झालेली असतात. अशाच एखाद्या घरात सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात पडतो आणि प्रश्न उभा राहतो : आता हा टाकायचा कुठे? आजीच्या लहानपणी पडलेला दात कौलावर भिरकावत किंवा उंदराच्या बिळात टाकत. नवा दात उंदरासारखा चिवट यावा, हा त्यातला हेतू. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कौल नाही आणि बीळही नाही. दात एका डबीत जातो.

काही दिवसांनी नवा दात डोकावतो आणि त्यावर खडूसारखा पांढरा किंवा पिवळट डाग दिसतो. घरात लगेच निदान सुरू होतं. आजी म्हणते, कॅल्शियम कमी पडलं. बाबा म्हणतात, टँकरच्या पाण्याने झालं. आई स्वतःलाच दोष देते : गरोदरपणात आपणच नीट खाल्लं नाही. तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं खरं आहे, पण दात बनतो कसा आणि कधी, हे पाहिलं की तिघांचाही हिशेब बदलतो.

गैरसमज : दात म्हणजे तोंडातलं हाडच

वस्तुस्थिती : हाडात जिवंत पेशी असतात, रक्त खेळतं, जुनं मोडून नवं बांधण्याचं काम आयुष्यभर चालू राहतं. म्हणूनच मोडलेला हात प्लास्टरमध्ये काही आठवडे ठेवला की सांधतो. दाताच्या सर्वांत वरच्या थरात, म्हणजे इनॅमलमध्ये, पेशी नाही, रक्तवाहिनी नाही, नसही नाही. हाड ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनावर उभं राहतं तेही इथे नसतं. वजनाने पाहिलं तर इनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज, उरलेलं पाणी आणि किंचितसं प्रथिन. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, पण दाढेच्या उंचवट्यावरसुद्धा त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर भरते.

या खनिजाचं नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट. त्यात मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. हाडातही त्याच जातीचं खनिज असतं, पण इनॅमलमधले स्फटिक कितीतरी मोठे, लांब आणि दाटीने रचलेले. कुळही निराळं. इनॅमल बनवणाऱ्या पेशी तोंडाच्या अस्तराच्या वंशातल्या असतात. त्यांना अमेलोब्लास्ट म्हणतात. दाताचे गवंडी म्हणायचे तर हेच.

गैरसमज : दात उगवतो तेव्हा तयार होतो

वस्तुस्थिती : हिरडीबाहेर येतो तो दाताचा लोकार्पण सोहळा. बांधकाम त्याच्या कितीतरी आधी संपलेलं असतं. दुधाच्या पुढच्या दातांत खनिज भरायला सुरुवात होते ती आईच्या पोटात, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास. सहाव्या वर्षी उगवणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेचं काम जन्माच्या सुमारासच सुरू होतं आणि तिचा माथा अडीच-तीन वर्षांत पुरा होतो. वरच्या मधल्या पटाशीच्या दातांचं काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. सातव्या वर्षी दिसलेला डाग बहुतेक वेळा तीन-चार वर्षांपूर्वीच्या, कधी त्याहून जुन्या घटनेचा असतो.

माणसाचं इनॅमल दिवसाला साधारण चार मायक्रोमीटरने वाढतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या भागाएवढं. रोजच्या वाढीची बारीक रेघ त्यात उमटते. डबीत ठेवलेल्या त्या दुधाच्या दाताचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात एक ठळक रेषा दिसू शकते. तिला नवजात रेषा म्हणतात. तिच्या एका बाजूचं इनॅमल पोटात असताना बनलेलं, दुसऱ्या बाजूचं जन्मानंतरचं. नाळ तुटली, दूध सुरू झालं, शरीराची घडी क्षणभर विस्कटली, त्याची ती नोंद.

अशा नोंदी महाराष्ट्राच्या मातीत तीन हजार वर्षं टिकलेल्या आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी लहान मुलांना मातीच्या दोन कुंभांची तोंडं एकमेकांना जुळवून, घराच्या जमिनीखाली पुरलं होतं. त्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर सापडलेल्या खळ्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आणि १९९८ मध्ये त्यांचा संबंध त्या काळच्या बदलत्या हवामानाशी आणि अन्नाशी लावून दाखवला. हाडांवरच्या खुणा हाड स्वतःच भरून काढतं. इनॅमलवरची खळी मात्र दात असेपर्यंत तशीच राहते.

गैरसमज : रक्तातलं कॅल्शियम आपोआप दातात झिरपतं

वस्तुस्थिती : बांधकाम पाहिलेल्या करंजाडेकरांना हे पटकन कळेल. अमेलोब्लास्ट आधी सेंट्रिंग लावतात. या टप्प्यात त्या अमेलोजेनिन आणि त्याच्या भाईबंद प्रथिनांचा एक मऊ, दह्यासारखा साचा ओततात आणि त्यात खनिजाच्या बारीक, लांबच लांब पट्ट्या वाढू लागतात. दाताची जाडी आणि आकार इथेच ठरतो, पण वजनाने पाहिलं तर यावेळी इनॅमल जेमतेम एक तृतीयांश खनिज असतं. मग दुसरा टप्पा येतो : पक्वतेचा. पेशी कात्रीसारखी काम करणारी विकरं सोडून साच्याचे तुकडे करतात, ते तुकडे बाहेर काढतात आणि रिकाम्या जागेत खनिज ठासून भरतात. पट्ट्या रुंद आणि जाड होत एकमेकींना भिडतात.

खरी कसरत या भरणीतच आहे. कॅल्शियम भरपूर लागतं, पण पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम वाढलं तर पेशीच मरते. पेशीतल्या द्रवात ते रक्तापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी ठेवावं लागतं. ज्या मालाची गोदामात गळतीसुद्धा चालत नाही, तोच माल गोदामातून ट्रक भरभरून न्यायचा, असा हा प्रकार. पूर्वी समज होता की कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं ते पाठीवर घेऊन पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवतात. आता चित्र बरंच वेगळं आहे. पेशीच्या आत एक बंदिस्त साठा असतो. तो उतरला की स्टिम१ नावाचं प्रथिन त्याची वर्दी देतं आणि पेशीच्या कडेचं ओराय१ नावाचं दार उघडतं. बाहेरचं कॅल्शियम आत येतं, साठ्यात जातं आणि इनॅमलच्या बाजूला बसवलेले पंप ते बाहेर टाकतात. त्यातला एक पंप सोडियम आत घेतो आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम व पोटॅशियम बाहेर सोडतो.

हा सिद्धान्त फक्त प्रयोगशाळेतला नाही. स्टिम१ किंवा ओराय१ची जनुकं बिघडलेली मुलं जन्मतात तेव्हा त्यांची रोगप्रतिकारशक्ती कोलमडलेली असते आणि दातांचं इनॅमल मऊ, अर्धवट भरलेलं असतं. सोडियम-कॅल्शियमच्या त्या पंपाचं जनुक बिघडल्यामुळे इनॅमल कच्चं राहिलेली कुटुंबं २०१३ मध्ये ओळखली गेली. या मुलांच्या रक्तात कॅल्शियम असतं, पण ते दाताच्या बाजूला नेणारी यंत्रणाच नसते.

दुसरी अडचण आम्लाची. हायड्रॉक्सिॲपेटाइटचा एकेक घटक जुळताना आठ किंवा त्याहून जास्त हायड्रोजन आयन सुटतात. म्हणजे इनॅमल बनतानाच स्वतःला विरघळवणारं आम्ल तयार करतं. ते शमवायला पेशी बायकार्बोनेट सोडतात, म्हणजे खाण्याच्या सोड्यातला तोच घटक. हे काम आळीपाळीने चालतं. काही काळ पेशींचं इनॅमलकडचं टोक झालरीसारखं दुमडलेलं असतं. तेव्हा शेजारच्या पेशींमधल्या फटी त्या बाजूला घट्ट बंद असतात आणि सगळी आयात पेशीच्या आतूनच होते. मग तेच टोक सपाट होतं, फटी उघडतात, आम्ल शमतं आणि साच्याचे तुकडे बाहेर पडतात. उंदराच्या दातात असा फेरा साधारण आठ तासांनी पुरा होतो, जणू कारखान्याच्या तीन पाळ्या.

उंदराचा संबंध इथे योगायोगाने आलेला नाही. त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात, दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यामुळे एकाच दातात मुळाकडे साचा ओतणाऱ्या पेशी, मध्ये खनिज भरणाऱ्या आणि टोकाकडे तयार इनॅमल असं सगळं ओळीने पाहायला मिळतं. अमेलोब्लास्टविषयी आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या दातानेच शिकवलं.

काम संपत येतं तसे गवंडीही कमी होतात. टप्पा बदलताना सुमारे पाव पेशी मरतात, पक्वतेच्या काळात आणखी तितक्याच. उरलेल्या दात हिरडीबाहेर येताना नाहीशा होतात. इमारतीचा ताबा मिळतो त्या दिवशी कंत्राटदाराचा एकही माणूस शिल्लक नसतो.

गैरसमज : डाग दिसला की दूध वाढवा, कॅल्शियमच्या गोळ्या द्या

वस्तुस्थिती : उगवलेल्या दातात माल नेणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. तेव्हा पोटात गेलेली गोळी इनॅमलपर्यंत पोचण्याची वाटच नाही. शिवाय निरोगी शरीर रक्तातलं कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात, दर १०० मिलिलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम, राखून धरतं. दोन पेले दूध जास्त प्यायल्याने तो आकडा वर जात नाही.

मग दूध नकोच का? हवं. पहिल्या काही वर्षांत, दात हिरडीखाली बनत असताना, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची खरीखुरी कमतरता असेल तर इनॅमल पातळ आणि खळगेदार होतं. मुडदूस झालेल्या मुलांत ते दिसतं. सात वर्षांच्या मुलाला दूध द्यायचं ते हाडांसाठी आणि अजून हिरडीखाली बनत असलेल्या मागच्या दाढांसाठी. आधीच उगवलेल्या दातावरचा डाग त्याने जाणार नाही.

पोटातून दातात पोचणारा एक बिनबुलाया पाहुणा मात्र लक्षात ठेवायला हवा. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं कॅल्शियमला चिकटतात आणि त्याच्याबरोबर बनत्या दातात जाऊन बसतात. दात कायमचे पिवळे-करडे होतात. म्हणून गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती सहसा देत नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून मुलासाठी गोळ्या आणण्याची सवय अशी महागात पडू शकते.

गैरसमज : बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं

वस्तुस्थिती : बाळाला जन्मापर्यंत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. त्यासाठी आईचं आतडं अन्नातून जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषू लागतं. तरीही कमी पडलं तर शरीर हाडांच्या साठ्याला हात घालतं. दातांचं इनॅमल त्या व्यवहारात नसतंच. तिथून काही काढायला पेशीही नाहीत आणि रक्तही नाही.

तरीही बाळंतपणानंतर दात बिघडल्याचं अनेक बायका सांगतात आणि ते खोटं नसतं. सकाळच्या उलट्यांमधलं जठरातलं आम्ल इनॅमलवर येतं. संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून ब्रश हळूहळू टळतो. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकलं जातं. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता पाण्याने खळखळून चूळ भरावी. त्या वेळी इनॅमलचा वरचा थर मऊ पडलेला असतो आणि ब्रशने तोच खरवडला जातो. गरोदरपणात डॉक्टर देतात त्या कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यातच. बाळाची हाडं आणि दुधाचे दात त्या महिन्यांत बनत असतात.

गैरसमज : डाग पडला, म्हणजे पाण्यात दोष

वस्तुस्थिती : हा समज विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाच्या तोंडी असेल तर त्यामागे अनुभव असू शकतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतात जास्त फ्लोराइडने होणाऱ्या दुखण्याची पहिली नोंद १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून झाली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ग्राह्य आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जातं. त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की पक्वतेच्या टप्प्यात गडबड होते. साच्याची प्रथिनं वेळेवर निघत नाहीत, खनिज पुरतं भरत नाही आणि वरच्या कवचाखाली सच्छिद्र थर राहून जातो. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असं पाणी शुद्ध करण्याची नालगोंडा पद्धत शोधली ती याच संकटावर उपाय म्हणून.

करंजाडेतली तक्रार बहुतेकदा पाणी कमी येण्याची, टँकर मागवावा लागण्याची असते. कोकणातल्या धरणांत आणि नद्यांत साठलेलं पाणी मुख्यतः पावसाचं, त्यात फ्लोराइड सहसा कमीच. टँकर बोअरवेलवर भरला जात असेल तर पाणी एकदा तपासून घ्यावं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच : मूल पहिली तीन-चार वर्षं कुठे होतं? पुढच्या दातांसाठी साधारण दीड ते अडीच वर्षांचा काळ सर्वांत नाजूक. यवतमाळच्या गावात जन्मलेलं, पाचव्या वर्षी करंजाडेत आलेलं मूल गावचं पाणी दातात घेऊन येतं. उलट मोठ्या माणसाने असं पाणी प्यायला सुरुवात केली तर त्याच्या हाडांना धोका असतो, पण दातांवर नवे डाग पडत नाहीत.

डागाचा नमुनाही बोलतो. फ्लोराइडचे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे, पुसट आडव्या रेघांसारखे असतात. कडा स्पष्ट असलेला मळकट पांढरा किंवा तपकिरी चट्टा पहिल्या दाढांवर आणि पटाशीच्या दातांवर असेल तर तो मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन या दोषाचा असू शकतो. हे नाव २००१ मध्ये ठरलं. जगात अंदाजे आठातल्या एका मुलात हा दोष आढळतो. त्याचं एकच कारण सापडलेलं नाही. पहिल्या वर्षांतला ताप, आजारपण, जनुकं यांचा त्यात हात दिसतो. आणि एकाच दातावर डाग असेल तर त्याच्या वरच्या दुधाच्या दाताची जुनी कीड किंवा तिथला मार आठवून पाहावा.

गैरसमज : पांढराशुभ्र दात म्हणजे मजबूत दात

वस्तुस्थिती : पूर्ण भरलेलं इनॅमल काचेसारखं अर्धपारदर्शक असतं आणि त्यातून आतल्या, डेंटिन नावाच्या थराचा पिवळसर रंग दिसतो. खडूसारखा पांढरा रंग बहुधा सच्छिद्रतेची खूण असते. दुधाचे दात जास्त पांढरे दिसतात आणि त्यांचं इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं.

आणि आजीचा उंदीर? त्याचे पटाशीचे दात नारिंगी-पिवळे असतात. पक्वतेच्या अखेरीस त्याचे अमेलोब्लास्ट आपल्यात साठवलेलं लोह इनॅमलच्या बाहेरच्या थरात सोडतात. तो रंग लोहाचा, आणि लोहामुळे तो थर आम्लाला जास्त दाद देत नाही. माणसाच्या अमेलोब्लास्टना ही कला येत नाही, दात बिळात टाकला तरी.

गैरसमज : पेशी गेल्या, म्हणजे आता काहीच करता येत नाही

वस्तुस्थिती : आतली वाट बंद झाली तरी बाहेरून देवघेव चालूच राहते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. गोड खाल्लं की जिवाणू आम्ल बनवतात, तोंडाचा सामू (पीएच) सुमारे ५.५च्या खाली जातो आणि इनॅमलमधून आयन बाहेर पडू लागतात. अर्ध्या-एक तासात लाळ सामू वर आणते आणि काही आयन परत बसतात. दिवसभर बिस्किट-चॉकलेट थोडंथोडं चघळलं तर परतफेडीला वेळच मिळत नाही. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त मोजावं लागतं.

इथे फ्लोराइड कामाचं ठरतं, पण पोटातून गेलेलं नव्हे, दाताला लागलेलं. ते परतणाऱ्या खनिजात बसलं की तो थर आम्लाला जास्त टिकाव धरतो. भारतात टूथपेस्टमधलं फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, थुंकून टाकण्याच्या सवयीसकट. कच्च्या इनॅमलच्या दाढांवर दंतवैद्य फ्लोराइडचा लेप लावतात, खाचा बुजवतात, कधी टोपी बसवतात. कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ इथे दंतमहाविद्यालयं असल्यामुळे करंजाडेकरांना तपासणीसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच, कीड लागली तर लागू दे

वस्तुस्थिती : किडलेल्या दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर तिच्याखाली बनत असलेल्या दाताच्या अमेलोब्लास्टना त्याची झळ बसते आणि तो दात डाग घेऊनच वर येतो. पण सर्वांत मोठी फसगत पहिल्या कायमच्या दाढेची होते. सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या जागेत उगवते. तिच्यासाठी एकही दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. दोन वर्षांनी ती काळी पडते आणि ‘पडेलच ती’ म्हणत घरचे वाट पाहत राहतात. ती पडणार नसते.

डबीतला दात कुठे टाकायचा ते आजीने ठरवावं. आईने आज रात्री मुलाला आ करायला लावून मोबाईलच्या टॉर्चने खालच्या जबड्यात मागे पाहावं. पुढून मोजत सहाव्या जागी, हिरडीतून चार-पाच उंचवट्यांचा माथा वर येत असेल तर ब्रश तिथपर्यंत पोचतो की नाही, ते उद्या सकाळी बघावं.